'कोको वा इमा कारा रिनरी देसु' – आठ महिने वाचतेय, त्यानंतरचा अनुभव

जपानीच्या क्लासमध्ये सर म्हणाले होते की एन-थ्री, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी, झाली ना, आता पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा आणि जपानी माणूस स्वतःसाठी जे वाचतो ते वाचा. मी पुण्यात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते, म्हणून शिक्षकावरची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, शोधली आणि ही सापडली. नावाचा अर्थ साधारण 'इथे आतापासून नीतिशास्त्राचा तास' असा. आमासे शिओरी यांची आहे, त्यांचीच 'ऑल आउट' ही रग्बीवरची मांगा काहींना माहीत असेल, २०१६ मध्ये तिचा ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, आला होता. दोन्ही एकाच हाताने काढल्यात हे मला खरंच वाटेना, तिकडे सगळा चिखल, घाम, आरडाओरडा आणि इकडे पानंच्या पानं फक्त दोन माणसं समोरासमोर बसलेली.

ताकायानागी नावाचे सर आहेत, हायस्कूलमध्ये रिनरी म्हणजे नीतिशास्त्र शिकवतात, जपानमध्ये हा ऐच्छिक विषय असतो. पहिल्याच तासाला ते मुलांना सांगतात की हा विषय नाही शिकलात तरी पुढे आयुष्यात फारसं काही अडणार नाही, नोकरीत पण उपयोग नाही, झालाच तर मरण जवळ येतं तेव्हा वगैरे होईल. मी हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं दोन मिनिटं. दरवर्षी जूनमध्ये माझ्यासमोर पण मुलं बसतात आणि विचारतात की मॅडम लॉजिक घेऊन पुढे काय, आणि मी दरवर्षी स्पर्धा परीक्षा, एलएलबी असं काहीतरी सांगून त्यांना टिकवून ठेवते. असं सरळ सांगायची हिंमत मला आजवर झाली नाही.

सुरुवातीचा प्रसंग थोडा धक्का देणारा आहे, हे आधीच सांगते. रिकाम्या वर्गात एक मुलगा आणि मुलगी नको त्या अवस्थेत असतात आणि सर आत येतात. ते ओरडत नाहीत, प्रिन्सिपॉलकडे पण नेत नाहीत, एवढंच विचारतात की हे दोघांच्या संमतीने चाललंय का. संमतीला तिथे 'गोई' शब्द आहे, गो म्हणजे जुळणं आणि ई म्हणजे मनातला विचार. मी हा शब्द वहीत लिहिला तेव्हा नुसता शब्दसंग्रह म्हणून लिहिला होता, पण पुढे त्याच मुलीवर खरंच वाईट वेळ येते तेव्हा तोच प्रश्न परत येतो आणि त्या वेळी तो तिला किती आधार देतो ते तुम्हीच वाचा, मी सांगत नाही.

मला सगळ्यात भिडलं ते हे की हे सर कुणाचा प्रश्न सोडवत नाहीत. शिक्षकांच्या गोष्टींत नेहमी काय असतं, सर घरी जातात, बापाला समजावतात, मुलगा सुधारतो. इथे स्वतःला इजा करणारी मुलगी आहे, रात्रभर बाहेर राहून वर्गात झोपणारा मुलगा आहे, आणि बऱ्याचदा प्रकरण संपतं तेव्हा त्यांचं नीट झालंय की नाही हे कळत पण नाही. सर ऐकतात, खूप वेळ ऐकतात, कधी चुकतात, आणि चुकलो हे त्यांना स्वतःला कळतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

त्या झोपणाऱ्या मुलाचं प्रकरण वाचलं त्या आठवड्यात माझ्या वर्गात पण असाच एक जण शेवटच्या बाकावर झोपायचा, त्याला मी दोनदा उभं केलं होतं. नंतर तास संपल्यावर मी फक्त विचारलं, रात्री झोप होत नाही का रे. तो म्हणाला, होते मॅडम, आणि निघून गेला. अजून काही बोललेला नाही. मी पण परत विचारलं नाही, पण उभं करणं थांबवलंय.

भाषेबद्दल सांगायचं तर रोजचे संवाद एन-थ्रीला झेपतात, सर मात्र वर्गात बोलायला लागले की डिक्शनरी हातातच ठेवा, मला सुरुवातीला एका प्रकरणाला चार-पाच दिवस लागायचे. मी टॅबवर डिजिटल घेतली, अक्षर मोठं करता येतं, मोबाईलवर नका वाचू, डोळे जातात. 'रिनरी' या शब्दातच बघा, रिन म्हणजे माणसामाणसांतलं नातं आणि री म्हणजे त्यातला नियम, तर्क. वात्सुजी तेत्सुरो नावाच्या जपानी तत्त्वज्ञांनी १९३० च्या दशकात यावरच सगळा विचार उभा केला, की 'निंगेन' म्हणजे माणूस, आणि त्या शब्दाच्या लिपीतच 'मधली जागा' बसलीय, म्हणजे नीती एकट्या माणसाच्या डोक्यात नसते तर दोघांच्या मधे असते. हे समजलं तेव्हा कळलं की या मांगात वर्गाच्या रिकाम्या जागा, टेबलाच्या दोन बाजू इतक्या वेळा का काढल्यात. आपल्याकडे नीती म्हटलं की मूल्यशिक्षणाचा तास आणि फळ्यावरचा सुविचार आठवतो, त्यात ही मधली जागा कुठेच नसते.

न आवडलेलं पण सांगते. तत्त्वज्ञांची वाक्यं कधीकधी प्रकरणाला वरून चिकटवल्यासारखी वाटतात, मुलीचं दुःख अजून मनात मुरत असतं आणि तेवढ्यात एक मोठं नाव येऊन उभं राहतं. तरी त्याच धाग्यावरून मी कीर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञापर्यंत पोचले, चिंता म्हणजे स्वातंत्र्याची घेरी हे त्याचं १८४४ चं म्हणणं, आणि बारावीच्या निकालाआधीच्या मुलांकडे बघून ते मला पहिल्यांदा खरं समजलं. दुसरं म्हणजे मुलींच्या अडचणी पुष्कळदा शरीराशीच येऊन थांबतात, घर, पैसा, अभ्यास यातलं त्यांचं अजून यायला हवं होतं. आणि सर जरा जास्तच देखणे, कायम काळ्या कपड्यात आणि सिगरेट ओढणारे आहेत, मला ते साधे असते तर जास्त आवडले असते.

२०२१ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने यावर टीव्ही मालिका केली, यामादा युकी हा अभिनेता त्यात सर झालाय, काम चांगलं केलंय, पण आधी पुस्तकच वाचा कारण पानावर आपल्याला हवं तेवढं थांबता येतं. आणि एका बैठकीत दोन प्रकरणांच्या वर नको, मी एका रविवारी चार वाचली आणि रात्री झोप आली नाही. पुढचा भाग घेऊन ठेवलाय, प्रिलिमचे पेपर तपासून झाले की उघडणार.