कडू बाटली, कापडी मोजा की कॅलेंडरवरची मासोळी?

बालवाडीच्या गेटबाहेर पोरं सुटायची वाट बघत उभं राहिलं की महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, "तुमच्या धाकटीचं अंगठा चोखणं कसं सुटलं हो?" मी स्कूटरला किल्ली लावता लावता दोन वाक्यांत सांगून टाकतो आणि घरी पोचेपर्यंत वाटत राहतं की अर्धंच सांगितलं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या फोंड्यात राहणारा एक बाप आहे, आणि बाजारात मिळणारं जवळजवळ सगळं आमच्या घरात येऊन गेलं आहे.

मूल ३ वर्षांच्या आतलं असेल तर काहीच घेऊ नका. पोरं आईच्या पोटातच अंगठा चोखायला लागतात, सोनोग्राफीत दिसतं तसं. बहुतेकांचं २ ते ४ या वयात आपसूक सुटतं. घाई असते ती पुढचे पक्के दात यायच्या आधीची, म्हणजे साधारण सहाव्या वर्षाच्या आतली. त्यातही अंगठा नुसता तोंडात ठेवून पडून राहणारं मूल वेगळं आणि गाल आत ओढून चपाचपा चोखणारं वेगळं. दातांवर जोर येतो तो दुसऱ्याच्या. आमची धाकटी या दुसऱ्या गटातली. साडेचार वर्षं वय, उजवा अंगठा, पेरावर मक्याच्या दाण्याएवढा घट्टा. दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट राहायची आणि 'साखर' म्हणताना त्या फटीतून जिभेचं टोक डोकवायचं.

घरगुती सल्ल्यांना तोटा नव्हता. कडुनिंबाचा रस, कारल्याचा रस, मिरचीचं बोट. शेजारच्या एका आजोबांनी तर फेणीत अंगठा बुडवायला सांगितलं. ते थट्टेत म्हणाले की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. मिरचीचं मात्र कोणी करू नका. तोच अंगठा झोपेत डोळ्याला लागतो.

पहिली आणली ती कडू बाटली, नेलपॉलिशसारखी नखावर लावायची. नावं वेगवेगळी असली तरी बहुतेकींत कडूपणा असतो तो डेनाटोनियम बेंझोएटचा. १९५८ साली एडिंबरामध्ये बधिर करणाऱ्या औषधावर काम चालू असताना हे रसायन अपघाताने हाती लागलं. माहीत असलेल्या पदार्थांत ते सगळ्यांत कडू समजलं जातं. औद्योगिक अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणूनही तेच मिसळतात. मी एकदा नखाएवढं जिभेला लावून पाहिलं. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट चिरडून त्याची चव जिभेला लावणारी आपण माणसं, कडूचं काय एवढं, असं मला वाटत होतं. याच्यापुढे कारीट म्हणजे काकडी. दोनदा चूळ भरून चहा घेतला, तर चहाही कडू.

बाटलीचं श्रेय नाकारत नाही. पहिल्या दिवशी अंगठा तोंडात गेला आणि तितक्याच वेगाने बाहेर आला. बायको म्हणाली, "झालं, सुटलो!" संध्याकाळपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, सुंगटाचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, आणि भात. धाकटी हाताने जेवते, आम्हीच मोठ्या कौतुकाने शिकवलेलं. पहिला घास तोंडात गेला, चेहरा आक्रसला आणि घास ताटात परत. "आई, हुमण कडू आहे." हुमण कडू नव्हतं, अंगठा कडू होता. घास करताना चार बोटं भात गोळा करतात आणि आत ढकलतो तो अंगठाच. हे माझ्या तोवर कधी लक्षात आलं नव्हतं. साबणाने दोनदा हात धुतले, तरी तेच. लेप साबणाने निघत नाही, हाच त्याचा गुण, आणि आमच्या ताटापुरता तोच दोष. नेलपॉलिश काढायच्या पाण्याने निघतो, पण प्रत्येक जेवणाआधी ते चोळायचं, परत साबण, परत जेवणानंतर लेप, हे दिवसातून तीनदा कोण करणार?

मग चमचा दिला. चमच्याने पेज जमते, हुमण-भात जमत नाही. बांगड्याचा काटा तर बोटांनाच कळतो. चार दिवस पोरगी अर्धपोटी उठत होती. पाचव्या दिवशी बायको चपात्या लाटत असताना तिने नेहमीसारखा कणकेचा छोटा गोळा मागून घेतला, स्वतःची वेडीवाकडी चपाती लाटली आणि मला दिली. मी ती आख्खी खाल्ली, ती समोर उभी राहून बघत होती म्हणून. ती कडवट चपाती गिळता गिळताच मी ठरवलं की ही बाटली बंद. ज्या हाताने पोर खाते, खेळते, देते, तो आख्खा हातच आपण कडू करून ठेवला होता.

न्यायाने सांगायचं तर माझ्या मेव्हणीच्या मुलाचा अंगठा याच बाटलीने आठवड्याच्या आत सुटला आणि परत गेला नाही. पुष्कळ दिवस मला याचा उलगडा होत नव्हता. मग एकदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे एकत्र जेवायला बसलो तेव्हा मी मुद्दाम विचारलं. तो डावा अंगठा चोखायचा. जेवतो उजव्याने. एवढाच फरक! त्यामुळे आता कोणी बाटलीबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, कुठला अंगठा? डावा असेल, मूल ४ वर्षांच्या पुढचं असेल आणि त्याला स्वतःलाही सोडायचं असेल, तर बाटली वाईट नाही. निदान माझा तरी विरोध नाही.

कापडी मोज्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बायकोने जुन्या सुती परकराचे दोन शिवले, मनगटाला नाडी. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांच्याकडे बहुधा जून महिना नसावा. आपल्याकडे पावसात जाड टॉवेल तीन दिवस वाळत नाही. मोजा घामाने आणि लाळेने रोज ओला, दोरीवर टाकलेला दुसरा अजून दमट आणि दोघांनाही कुबट वास. वर ती दातांनी नाडी सोडायला शिकली, हे वेगळंच कौशल्य. सिलिकॉनचं तयार टोपण मिळतं, तेही आणलं. त्याच्या आत अंगठा घामाने पांढरा पडून सुरकुततो, धुणं धुतल्यासारखा. काढून ठेवलं. थंड हवेच्या गावात ते चालत असेलही.

दाताच्या डॉक्टरांकडची तार हा तिसरा मार्ग. वरच्या दाढांना कड्या बसवून टाळूपाशी तारेचं छोटं कुंपण करतात, म्हणजे अंगठा टाळूला टेकत नाही आणि चोखण्यातली मजाच जाते. मूल ते काढू शकत नाही. पक्के दात येऊनही सवय गेली नसेल तर हाच खात्रीचा उपाय, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि साडेचार वर्षांच्या मुलीला तो बसवायला त्याच तयार झाल्या नाहीत. "आधी तिच्याशी बोलून बघा," म्हणाल्या. ज्यांची मुलं सहा-सातच्या पुढे आहेत त्यांनी हा सगळा लेख सोडून सरळ दाखवून यावं. बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

उरलं कॅलेंडर. खरं सांगायचं तर यावर माझा विश्वास नव्हता. भिंतीवर खुणा करून सवयी सुटत असत्या तर माझी सिगारेट लग्नाआधीच सुटली असती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आधी तीन दिवस काही करू नका, अंगठा तोंडात कधी जातो ते फक्त लिहा. आम्ही दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं. टीव्हीसमोर. स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये बसल्यावर. दादाने खेळायला घेतलं नाही की. आणि झोप आली की, पण तेव्हा एक गंमत दिसली. उजवा अंगठा तोंडात जायच्या आधी डावा हात उशीच्या अभ्र्याचा कोपरा शोधायचा. कोपरा बोटांत फिरायला लागला की मगच अंगठा उठायचा. कोपरा सापडला नाही तर ती अंगठा हवेत धरून उशी उलटीपालटी करायची. साडेचार वर्षांत आम्हाला हे दिसलं नव्हतं.

मग आजीच्या जुन्या साडीचा एक तुकडा काढला आणि तो उजव्या हातात दिला. उशीला घट्ट, बिनकोपऱ्याचा अभ्रा. आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने निळ्या स्केचपेनने मासोळ्या काढायच्या. पूर्ण दिवसाची अट घातली नाही, तिथेच बहुतेक लोक फसतात असं मला वाटतं. दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत अंगठा कोरडा राहिला तर एक मासोळी. आठवड्याने ती वेळ दिवेलागणीपर्यंत नेली. १० मासोळ्या झाल्या की रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जायचं, तिथे एक लिंबू सोडा प्यायचा आणि त्याच बोटीने परत. आम्हा पायी जाणाऱ्यांना तिकीट पडलं नाही, त्यामुळे खर्च सोड्याचा. बक्षीस म्हणून खेळणं ठेवू नका. पुढचं खेळणं मोठं लागतं. बोट तीच असते.

याचेही त्रास आहेत, लपवत नाही. बाटली लावली की काम बाटली करते. कॅलेंडरमध्ये काम आपल्याला करावं लागतं. दोन संध्याकाळी मी विसरलो आणि तिने रडून घर डोक्यावर घेतलं. दादा दूरून "अंगठा, अंगठा!" ओरडायचा, त्याला आवरणं हे वेगळंच प्रकरण. अंगठा दिसला तरी आपण काही बोलायचं नाही, नुसता साडीचा तुकडा पुढे करायचा, हे तर माझ्या आईला अखेरपर्यंत पटलं नाही. "बाय गो, काढ तो अंगठा," हे तिच्या तोंडून निघायचंच. आणि झोपेवर कॅलेंडरची सत्ता चालत नाही. झोपेसाठी आम्ही तिलाच विचारून कोपराभोवती क्रेप बँडेज सैलसर गुंडाळलं. खाली दोन बोटं सहज जातील इतकं सैल. हात दुमडला की ते किंचित ओढतं आणि हात आपोआप खाली येतो. घट्ट बांधायचं नाही, हे दोनदा सांगतो.

दिवसाचा अंगठा ५ आठवड्यांत गेला, रात्रीचा आणखी ३. बाटलीच्या मानाने हे हळू आहे, मान्य. पण या ८ आठवड्यांत ती एकदाही उपाशी उठली नाही आणि तिची वेडीवाकडी चपाती परत गोड झाली. दातांतली फट वर्षभरात बरीचशी भरून आली. दुधाच्या दातांत वेळेवर सवय सुटली तर असं पुष्कळदा होतं, बाई म्हणाल्या. 'साखर' आता बहुतेक वेळा साखरच येते.

मोजमापाचं विचारणाऱ्यांसाठी: २०१५ साली कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, एक आढावा आला होता. काहीच न करण्यापेक्षा दाताची तार आणि बक्षीस-शाबासकीसारखे उपाय दोन्ही उपयोगी दिसतात, पण पुरावे कच्चे आहेत, असा त्याचा साधारण सूर होता. माझाही पुरावा एका मुलीचा आणि एका भाच्याचा, म्हणजे याहून कच्चा. तरी उजवा अंगठा आणि हाताने जेवणारं घर असेल तर मी बाटलीवर पैसे घालण्याआधी १० रुपयांचं स्केचपेन आणीन.

एक राहिलं. पुढच्या जुलैत तिला ताप आला आणि दोन रात्री अंगठा परत तोंडात गेला. मी हळहळत कॅलेंडरपाशी गेलो. मागच्या खुणा खोडून पहिल्यापासून सुरू करावं, असं माझ्या मनात होतं. बायकोने पेन काढून घेतलं. ताप उतरल्यावर धाकटी स्वतःच स्टुलावर चढली आणि त्या दोन चौकोनांत तिने हिरवे बेडूक काढले. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पाऊस होता ना."