आठ महिने काळ्याच्या जागी नेव्ही ब्लू वापरला, त्याचा हिशोब

गेले आठ महिने मी काळा रंग जवळपास बंदच केलाय, म्हणजे डिझाइनमधला. एक ॲप, त्याची वेबसाइट आणि त्याच कामाची एक छापील पुस्तिका, तिन्हीकडे काळ्याच्या जागी गडद निळा बसवला आणि रोज तोच बघत बसलोय, तर म्हटलं बरंवाईट जे काय आहे ते लिहून टाकू. निवडण्यामागचं कारण खरं सांगायचं तर आळशीपणाचं होतं. काळा फार कडक वाटतो, राखाडी मरगळलेला वाटतो, आणि गडद निळ्याला कोणी नाही म्हणत नाही, मीटिंगमध्ये दाखवला की सगळे माना डोलावतात. मला वाटलं, चला, सुटलो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी. ब्राउझरला 'नेव्ही' या नावाने ओळखू येणारा एक तयार रंग आहे, लाल ०, हिरवा ०, निळा १२८ (प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला). तोच उचलून हेडरला लावला. छोट्या ठिपक्यात छान दिसतो हो, पण पूर्ण पट्टाभर पसरला की जांभळट झाक मारतो, आणि नुकतीच शाई सांडल्यासारखा कच्चा दिसतो. मग तीन आठवडे नुसतं मागेपुढे. शेवटी लाल ११, हिरवा ३१, निळा ५८ वर थांबलो, आणि तोच आजही चालूये. आकडे बघितलेत तर यात निळा निम्म्याहून कमी झालाय, आणि तरीही उजेडाच्या बाबतीत दोन्ही रंग जवळपास सारखेच. हे मला आधी पटेचना. मग कळलं की डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचा हिशोब करताना हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ धरतात. म्हणजे निळा कितीही ढकला, रंग उजळत नाही, नुसता भडकतो. थोडासा हिरवा घातला की मात्र लगेच खोली येते. एवढं एक समजलं असतं ना, तर माझे ते तीन आठवडे वाचले असते.

आता चांगलं काय ते. वाचायला जबरदस्त आहे. पांढऱ्यावर या निळ्यातला मजकूर, किंवा उलटं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर, साडेसोळाच्या आसपास येतो, आणि वेब सुलभतेच्या नियमात साध्या मजकुराला ४.५ लागतो, म्हणजे मार्जिन भरपूर. लांब मजकूर शुद्ध काळ्यात टोचतो तसा यात टोचत नाही, हे माझं मत, मोजमाप नाही. गडद निळ्या पानावर मात्र शुद्ध पांढरी अक्षरं घालू नका. कडा पसरल्यासारख्या वाटतात, अक्षर आहे त्यापेक्षा जाड दिसतं. मी किंचित मळकट पांढरा घेतला, फॉन्टचं वजन एक पायरी उतरवलं, ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं, मग जमलं. बारीक रेघांची आकृती तर या पार्श्वभूमीवर फारच देखणी दिसते. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये सायनोटाइप, म्हणजे निळी छाप उठवायची पद्धत, काढली आणि पुढे नकाशांच्या प्रती निळ्यावर पांढऱ्या रेघांत निघू लागल्या, ब्लूप्रिंट शब्द त्यातलाच. तेव्हा त्यात कोणाची आवडनिवड नव्हती, रसायनच तसं होतं, पण रेघ वाचता यायची हे खरं.

आणि आता तक्रारी, त्या जास्त आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे हा रंग लहान झाला की हरवतो. १६ पिक्सेलचा आयकॉन काढा आणि शेजारी काळा ठेवा, कोणीही फरक सांगून दाखवावा. काळ्याशी याचा कॉन्ट्रास्ट १.३ सुद्धा नाही. पहाटे अंधारात एक पाय काळ्या मोज्यात आणि एक निळ्यात घालून बाहेर पडलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको (मी पडलोय). त्यामुळे मी जिथे जिथे 'काळ्याऐवजी निळा' म्हणून बारीक अक्षरं रंगवली होती तिथे लोकांना ती काळीच दिसत होती, माझी मेहनत फक्त मलाच दिसत होती. रंग म्हणून ओळखू यायला त्याला जागा लागते, निदान एखादं रुंद बटण तरी.

दुसरं, बाकीचे रंग त्याच्यावर टाकले की रुसतात. एरर मेसेजचा लाल, २११, ४७, ४७, पांढऱ्यावर जवळपास ५ देत होता म्हणून निश्चिंत होतो, तोच गडद निळ्यावर गेला आणि ३.३ वर आला. नियमात नापास. शिवाय लाल अक्षरं निळ्यापासून सुटून तरंगल्यासारखी दिसतात, कारण लाल आणि निळा डोळ्यात एकाच ठिकाणी फोकस होत नाहीत. शेवटी अबोलीकडे झुकणारा फिका लाल घेतला. ब्राउझरची जी नेहमीची निळी लिंक असते तिची अवस्था तर विचारूच नका, कॉन्ट्रास्ट जेमतेम १.८, एका मदतपानावर अख्ख्या लिंका गायब आणि आम्ही दोन आठवडे "लोक क्लिक का करत नाहीत" यावर चर्चा करतोय.

सावल्या पण विसरा. पांढऱ्या पानावर कार्ड उचललेलं दाखवायला खाली सावली देतो ना, ती इथे दिसतच नाही, काळ्यावर काळं. त्याऐवजी वरचा थर जरा उजळ निळा करायचा. आणि गडद निळ्यातून आणखी गडद निळ्यात जाणारा ग्रेडियंट टाकला तर पट्टे पडतात, मधे द्यायला छटाच शिल्लक नसतात. वरून हलका नॉइज, म्हणजे बारीक दाणे, टाकला की झाकलं जातं.

पण सगळ्यात जास्त रडवलं ते छपाईने. पुस्तिकेचं कव्हर पूर्ण गडद निळं, फाइल स्क्रीनवर सुरेख, घाई होती म्हणून प्रूफ, म्हणजे छापील नमुना, न काढताच पाठवली. गठ्ठा आला, वरचा कागद फाडला आणि आत जांभळा. फिकट वगैरे नाही, चांगला ठसठशीत जांभळा! प्रेसच्या माणसाला फोन केला, तो शांतपणे म्हणाला, "साहेब, सायन किती आहे, मॅजेंटा किती आहे ते बघा ना." बघितलं तर सायन (छपाईची निळी शाई) १०० टक्के, मॅजेंटा (गुलाबी शाई) ९५. चूक शंभर टक्के माझी, आरजीबीतून, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातून, आपोआप बदलून आलेले आकडे मी उघडून बघितलेच नव्हते. निळ्याला निळं ठेवायचं तर मॅजेंटा सायनपेक्षा चांगला तीसेक टक्के खाली लागतो. दुसऱ्या वेळी मॅजेंटा ६५ वर आणला, काळोख काळ्या शाईतून घेतला, आणि आधी प्रूफ काढलं. रंग बरोबर आला. मग हौसेने मॅट लॅमिनेशन केलं तर त्यावर प्रत्येकाच्या बोटांचे ठसे, हातात घेतली की पुस्तिका जुनी. आतला बिनचकाकीचा कागद शाई पितो, त्यावर हाच रंग धुतल्यासारखा येतो, म्हणून आतली शीर्षकं वेगळी मिसळून घ्यावी लागली. म्हणजे एकच निळा म्हणता म्हणता माझ्याकडे आता चार झालेत, दोन स्क्रीनचे, दोन कागदाचे, आणि फाइलमध्ये चौघांना वेगळी नावं द्यावी लागली कारण एकदा कागदाचा निळा स्क्रीनवर गेला आणि दिवसभर कोणाच्या लक्षात आलं नाही.

तर परत घेईन का? हेडर, बटणं, मोठी शीर्षकं, कव्हर, हो. बारीक मजकुराला मी गेल्या महिन्यापासून साधा गडद राखाडी लावलाय, कोणालाच कळलेलं नाहीये.