शॉपिफाय, वूकॉमर्स की विक्स? गिऱ्हाईक जाहिरातीतून येणार असेल तर

लक्ष्मी रोडवर दुकान थाटलं की गाळ्याचं भाडं द्यावं लागतं. ऑनलाइन दुकानात तेच भाडं मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) आणि गूगलला जातं, तेही रोजच्या रोज आणि वर १८ टक्के जीएसटी. (नोंदणी असेल तर जाहिरात खात्याच्या बिलिंगमध्ये जीएसटी क्रमांक आधी भरून ठेवा, नाहीतर इनपुट क्रेडिटला, म्हणजे भरलेल्या जीएसटीच्या वजावटीला, मुकाल.) अशा दुकानासाठी बिल्डर, म्हणजे दुकानाची साइट उभारायचं साधन, निवडताना थीम (साइटचा तयार साचा) किती देखणी आहे हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी एवढंच तपासायचं: ऑर्डर झाल्याची खबर जाहिरातीच्या यंत्रणेला मिळते का, आणि एकदाच मिळते का?

मेटाच्या एका अ‍ॅडसेटला (एकत्र चालवलेल्या जाहिरातींच्या गटाला) जाहिरात कोणाला दाखवायची हे शिकायला आठवड्याला साधारण ५० खरेदी लागतात. त्यातल्या पंधरा-वीस नोंदल्याच गेल्या नाहीत, तर ते शिक्षण लांबतं आणि खर्च वाढतो. आपल्याकडे नोंद हुकण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे यूपीआय. गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर जाहिरात दाबतं, पान इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं, पैसे द्यायला यूपीआय अ‍ॅपमध्ये जातं, पैसे भरतं आणि तिथूनच फोन खिशात. ‘धन्यवाद’चं पान उघडतच नाही आणि पिक्सेल, म्हणजे ब्राउझरमधून मेटाला खबर देणारा कोड, तर त्याच पानावर बसलेला. पैसे आले, पार्सल गेलं, पण मेटाच्या हिशेबी विक्री शून्य. मग मालक चालती जाहिरात बंद करतो. यावर उपाय म्हणजे खरेदीची नोंद ब्राउझरच्या भरवशावर न ठेवता सर्व्हरकडूनही पाठवणं, म्हणजे कन्व्हर्जन्स एपीआय. तिन्ही बिल्डरांकडे याच नजरेने बघू.

शॉपिफायमध्ये हे काम सगळ्यात कमी कटकटीत होतं. मेटाचं अधिकृत अ‍ॅप जोडायचं आणि डेटा शेअरिंगची सगळ्यात वरची पातळी निवडायची. सर्व्हरची नोंद सुरू होते. जाहिरातीमुळे एकदम गर्दी झाली तरी सर्व्हरची काळजी आपली नसते. खटकतं ते शुल्क. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) लावावा लागतो आणि बेसिक प्लॅनवर त्या प्रत्येक व्यवहारामागे शॉपिफाय आणखी २ टक्के घेतं. कॅश ऑन डिलिव्हरीवर हे शुल्क नाही.

समजा, तांबट आळीतली तांब्याची भांडी विकायची आहेत. महिन्याला २०० ऑर्डरी, सरासरी १,५०० रुपयांच्या, निम्म्या आगाऊ पैसे भरून आलेल्या. म्हणजे आगाऊ रक्कम १,५०,०००. शॉपिफायचे २ टक्के म्हणजे ३,०००. गेटवेचा दर २ टक्के धरला तर आणखी ३,००० आणि त्या शुल्कावर ५४० जीएसटी. प्लॅनचं भाडं वेगळंच. गेटवेचे ३,५४० वूकॉमर्सवरही जाणारच, त्यामुळे खरी तुलना फक्त त्या ३,००० ची आणि प्लॅनच्या भाड्याची. एवढ्यात वूकॉमर्ससाठी चांगलं होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा) आणि वेळेला फोन उचलणारा माणूस, दोन्ही मिळतात का बघा. कोथरूड-बाणेरला साइट ‘बनवून देणारे’ पैशाला पासरी मिळतील. ती नंतर सांभाळणारे मोजकेच.

शॉपिफायवर बहुतेक वेळा चुकतं ते दुहेरी पिक्सेलचं. अ‍ॅपने एक लावलेला, आधीच्या एजन्सीने थीमच्या कोडमध्ये दुसरा चिकटवलेला आणि झटपट चेकआउटवाल्या अ‍ॅपने तिसरा. ब्राउझर आणि सर्व्हर, दोन्हीकडून आलेल्या नोंदीचं नाव आणि इव्हेंट आयडी (त्या नोंदीचा ओळखक्रमांक) सारखा असेल तरच मेटा दोन्ही मिळून एक धरतं. आयडी वेगळा पडला की एक ऑर्डर दोनदा मोजली जाते. रिपोर्टात परतावा दुप्पट, बँकेत मात्र तेवढाच. दुसरं म्हणजे अ‍ॅपांची खोगीरभरती. काढून टाकलेल्या अ‍ॅपचा कोडही कधीकधी थीममध्ये मागे राहतो आणि पान जड करतो. पेजस्पीड इनसाइट्सवर (पानाचा वेग मोजणारं गूगलचं साधन) मोबाइलचा एलसीपी, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत हवा, आणि तपासायचं ते मुखपृष्ठ नव्हे, जाहिरात जिथे नेते ते उत्पादनाचं पान.

वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसच्या साइटला जोडायचं दुकानाचं प्लगइन, फुकट आहे, पण विहीर फुकट असली तरी पोहरा, दोर आणि उपसणारा आपलाच. टक्केवारी नाही, चेकआउटवर पूर्ण ताबा, डेटा आपला. मात्र तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करायच्या. गेटवेचा वेबहुक (पैसे आल्याची खबर गेटवेकडून थेट साइटला देणारी जोडणी) जोडणं ही पहिली; तो नसेल तर गिऱ्हाईक यूपीआयमधून परत न आल्यास ऑर्डर ‘पेंडिंग’मध्ये अडकते, आणि स्टॉक राखून ठेवायची मुदत मुळात ६० मिनिटांची असल्याने तासाभराने पैसे भरलेली ऑर्डर आपोआप रद्द होते. नंतरचा फोन कसा असतो ते सांगायला नको. कार्ट, चेकआउट आणि ‘माय अकाउंट’ ही पानं कॅशमधून (पानाची साठवलेली प्रत दाखवायच्या सोयीतून) वगळायची, नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसण्यापर्यंत गोंधळ होतो. आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) जाहिरात सोडायची नाही. संध्याकाळी बजेट वाढवलं, साइट लटकली, तरी क्लिकचे पैसे जातातच.

विक्सबद्दल थोडक्यात: रचना हाताने ओढून बसवता येते, मांडणी छान होते, ओळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून गिऱ्हाईक येणाऱ्या छोट्या दुकानाला पुरतं. पण साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. जाहिरातीवर उभ्या दुकानासाठी आम्ही ते सुचवणार नाही.

पैसे भरण्याआधी चाचणी घ्या. ट्रायलवर खरं पेमेंट घेता येत नसेल तर एका महिन्याचाच प्लॅन घ्या, वर्षाचा नको. दहा रुपयांचं एक उत्पादन तयार करा. त्याची लिंक इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये स्वतःलाच पाठवून तिथूनच उघडा. यूपीआयने पैसे भरा आणि मुद्दाम परत येऊ नका. आता मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये (आलेल्या नोंदी दिसतात ते पान) बघा: ‘पर्चेस’, म्हणजे खरेदीची नोंद, आली का, सर्व्हरकडून आली का, रक्कम १० आणि चलन आयएनआर आहे का. मग दुसरी ऑर्डर करून या वेळी ‘धन्यवाद’च्या पानापर्यंत जा आणि नोंद एकच धरली जाते ना ते पाहा. सर्व्हरची नोंद पोचायला थोडा उशीर होतो, लगेच हाय खाऊ नका.

कॅश ऑन डिलिव्हरीचं दुखणं कोणताच बिल्डर आपणहून बरं करत नाही. ऑर्डर नोंदली की ‘पर्चेस’ जाते. पार्सल आठ दिवसांनी परत आलं तरी मेटाला पत्ता नसतो, आणि ते तसलीच नाकारणारी माणसं आणखी शोधून आणतं. आगाऊ पैसे भरलेल्या किंवा फोनवर पक्क्या झालेल्या ऑर्डरींसाठी वेगळा इव्हेंट पाठवून त्यावर जाहिरात चालवता येते. पण अशा ऑर्डरी आठवड्याला ५० च्या जवळपासही नसतील, तर तूर्त ‘पर्चेस’वरच राहा आणि आगाऊ पैसे भरणाऱ्याला थोडी सूट द्या.

म्हणून निवड अशी: दुकान नवं, घरात तांत्रिक माणूस नाही, तर शॉपिफाय, आणि ते २ टक्के जाहिरातीच्याच खर्चात धरा. आगाऊ विक्री महिन्याला सात-आठ लाखांवर गेली की तेच शुल्क १४ ते १६ हजार होतं. तेव्हा वरच्या प्लॅनचा किंवा वूकॉमर्सचा हिशेब मांडा. स्थलांतर मात्र दिवाळीच्या तोंडावर नको. शॉपिफायवर उत्पादनाच्या पानाचा वेबपत्ता ‘प्रॉडक्ट्स’ने जातो, वूकॉमर्सचा ‘प्रॉडक्ट’ने, प्रत्येक जुन्या पत्त्याला ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लागतो. मेटाकडच्या कॅटलॉगमधले (उत्पादनांच्या यादीतले) उत्पादनांचे आयडीही बदलतात. ते पिक्सेलच्या आयडीशी जुळले नाहीत, तर कढई बघून गेलेल्या माणसाला पुन्हा तीच कढई दाखवणारी जाहिरात बंद पडते.