लघुपटाचे साहित्य भाड्याने घेताना : एका सेवेचा चार दिवसांचा अनुभव

अभ्यासक्रमातील शेवटच्या लघुपटासाठी कॅमेरा, दिवे आणि ध्वनिमुद्रणाचे साहित्य आम्ही एका भाडेसेवेकडून चार दिवसांसाठी घेतले होते. पटकथा १२ पानांची होती, कलाकार तीन आणि कॅमेऱ्यामागे आम्ही सात जण. विद्यार्थ्यांना एखादे दृश्य पुन्हा चित्रित करणे सहसा परवडत नाही आणि कलाकारांच्या तारखाही पुन्हा जुळत नाहीत, त्यामुळे साहित्य देणाऱ्याची काळजी किंवा निष्काळजी थेट लघुपटात उतरते.

काउंटरवरील गृहस्थांनी आमची यादी वाचताच पटकथेतील किती दृश्ये घराबाहेरची आहेत, हे विचारले. आम्ही मोठा सिनेमा कॅमेरा मागितला होता. त्याच्यासोबत जड ट्रायपॉड, कॅमेऱ्यामागे बसवायच्या मोठ्या व्ही-माउंट बॅटऱ्या आणि केवळ फोकस सांभाळणारा एक माणूस लागेल, हे समजावून त्यांनी लहान मिररलेस कॅमेरा घेण्याचा आणि वाचलेले पैसे ध्वनीवर खर्च करण्याचा सल्ला दिला. त्यांचे स्वतःचे उत्पन्न कमी करणारा तो सल्ला होता आणि तो अगदी योग्य ठरला, कारण अरुंद जिन्यातील आमचे सर्वांत चांगले दृश्य मोठ्या कॅमेऱ्याने घेताच आले नसते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवून भर उन्हात पार्श्वभूमी धूसर हवी असेल, तर लेन्समध्ये शिरणारा प्रकाश कमी करणाऱ्या एनडी फिल्टरवाचून गत्यंतर नसते. तो आमच्या यादीत नव्हता. त्यांनी आठवणीने दिला. दिव्यांबद्दल तक्रार नाही.

घोटाळा झाला तो ध्वनीतच. यादीत लिहिलेला, कान पूर्ण झाकून बाहेरचा आवाज अडवणारा बंदिस्त हेडफोन पेटीत नव्हता, आणि तो नाही हे चित्रीकरणाच्या जागी पोहोचेपर्यंत आमच्याही लक्षात आले नाही. आमच्यातील जी मैत्रीण बूम, म्हणजे माइक लावलेला लांब दांडा, धरत होती तिने स्वतःचा साधा इअरफोन लावला. रेकॉर्डरवरची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास व्यवस्थित दिसत होती, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. परंतु बूमवरच्या शॉटगन माइकची (समोरचा आवाज नेमका टिपणारा लांबट माइक) रेकॉर्डरला जोडणारी एक्सएलआर केबल जोडणीपाशी सैल होती आणि बूम वळला की खरखर उमटत होती. हे कळले दुसऱ्या दिवशी रात्री, फाइल्सच्या दोन प्रती करून ऐकायला बसलो तेव्हा. आई आणि मुलीच्या दृश्याच्या चौथ्या टेकमध्ये अभिनेत्री शेवटच्या वाक्याआधी स्वतःहून थांबली होती. तो थांबा पटकथेत नव्हता, आणि तो पाहताना आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. नेमकी तिथेच खरखर होती. पुढे डबिंगमध्ये ओठ जुळले, पण तो थांबा पहिल्यासारखा आला नाही. त्या खोलीच्या शांततेचे अर्धे मिनिट वेगळे मुद्रित करून ठेवले होते, म्हणून निदान जोड तरी लपवता आले.

रात्री दहाला भाडेसेवेला केलेला फोन त्यांनी उचलला, कोणताही वाद घातला नाही आणि सकाळी सातला नवी केबल व हेडफोन चित्रीकरणाच्या जागी पोहोचते केले. ध्वनिसाहित्याचे दोन दिवसांचे भाडेही घेतले नाही. साहित्य परत करताना नेण्याआधी काढलेली छायाचित्रे समोर ठेवून प्रत्येक वस्तू तपासली गेली आणि अनामत रक्कम त्याच दिवशी मिळाली. एवढी शिस्त असलेल्या ठिकाणी केबल न तपासता बाहेर कशी पडते, याचे समाधानकारक उत्तर मात्र मिळाले नाही, आणि माझ्या मते ही या सेवेतील गंभीर उणीव आहे.

तरीही मी या सेवेची शिफारस करेन. आदल्या संध्याकाळी तिथेच साहित्य जोडून पाहण्यासाठी ते एक तास देतात; आम्ही तो सगळा कॅमेऱ्यावर घालवला. तुम्ही त्यातला निम्मा वेळ तरी हेडफोन लावून, बूम हलवत, केबल प्रत्येक टोकाशी वाकवून ऐकण्यात घालवा. तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक केबलला बांधावी, अशी विनंती मी निघताना केली, आणि त्यांनी ती माझ्यासमोर वहीत लिहून घेतली.