नवरा-बायकोने मिळून भरायची वही : वर्षभराच्या वापरानंतर

नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्यांसाठी तयार केलेली एक छापील वही आम्हांला लग्नात भेट म्हणून मिळाली आणि पहिले वर्षभर, अधूनमधून खंड पडला तरी, आम्ही ती नेटाने भरली. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा वह्यांचा घाट साधारण सारखाच असतो: रोजचा एक प्रश्न, आठवड्याला श्रद्धेविषयीचे एक पान, महिन्याला घरकामाचा तक्ता आणि झालेल्या भांडणाचा एक स्वाध्याय. डावे पान बायकोचे, उजवे नवऱ्याचे. दहा मिनिटे लिहायचे आणि मग एकमेकांचे वाचून दहा मिनिटे बोलायचे, एवढीच प्रस्तावनेतली सूचना.

ही पद्धत या वहीची स्वतःची नाही. स्पेनमधील गॅब्रिएल काल्व्हो या कॅथलिक धर्मगुरूंनी १९६२ साली बार्सिलोना येथे विवाहित जोडप्यांसाठी जे शिबिर घेतले, त्यातून पुढे ‘मॅरेज एन्काउंटर’ ही चळवळ उभी राहिली आणि दहा मिनिटे लेखन, दहा मिनिटे संवाद हा परिपाठ त्याच चळवळीत रुळला. फरक इतकाच की तिथे दोघे आपापल्या वहीत लिहितात आणि मग वह्यांची अदलाबदल करतात. आमच्या प्रकाशकाने दोन वह्यांची एक केली आणि तिथेच घोटाळा झाला. एकाच वहीत दोघांना एका वेळी लिहिता येत नाही. माझे डावे पान भरून होईपर्यंत उजव्या पानाचा धनी बहुधा झोपलेला असे. दुसऱ्या महिन्यात मी त्याच्या हाती एक साधी रेघी वही दिली, तेव्हा कुठे गाडी मार्गाला लागली.

श्रद्धेच्या पानांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण वही निवडताना माझ्या काकूंनी त्याच पानांकडे पाहिले होते. माझी देवावर श्रद्धा आहे आणि रोजची प्रार्थना चुकली तर मला दिवस अपुरा वाटतो. नवऱ्याचे तसे नाही, आणि हे लग्नाआधीही आम्हांला ठाऊक होते. वहीला ते ठाऊक नाही. ‘या आठवड्यात एकत्र प्रार्थना केली का?’ असे विचारून ती सात चौकोन पुढे करते. तिसऱ्या आठवड्यात मी पाहिले, तर त्याच्या सातही चौकोनांतल्या खुणा एकाच शाईच्या, एकाच कलाच्या, एका दमात ओढलेल्या होत्या. मी त्याला बोलणार होते, पण माझ्याही त्याहून फार वेगळ्या नव्हत्या. चौकोन दिसला की माणूस तो भरून टाकतो, आणि ज्या घरात एकाची श्रद्धा दुसऱ्यापेक्षा कमी आहे तिथे तर तो दुसऱ्याला बरे वाटावे म्हणून भरतो.

याच वहीत नवव्या आठवड्याला एक मोकळे पान आहे. प्रश्न एका ओळीचा: प्रार्थनेच्या वेळी तुमच्या मनात खरोखर काय चालू असते? त्याने लिहिले होते, ‘तू डोळे मिटून बसतेस तेव्हा मी शेजारी बसतो, पण मी काही मागत नसतो. तू उठायची वाट पाहत असतो.’ वाचून मला आधी राग आला, मग रडू आले, आणि त्या रात्रीची दहा मिनिटे तासाभरावर गेली. त्यानंतर त्याने शेजारी बसलेच पाहिजे, हा माझा आग्रह मी सोडला. तो अजूनही कधी येऊन बसतो, कधी नाही. संपूर्ण वहीची किंमत मला या एका पानात वसूल झाली, आणि अशी पाने तिच्यात फार तर पंधरा असतील.

घरकामाचा तक्ता लवकर उरकता येईल. बायकोच्या रकान्यावर ‘कामे’ आणि नवऱ्याच्या रकान्यावर ‘मदत’ असे छापले आहे. मी पहिल्याच महिन्यात तो शब्द खोडला. पुढच्या महिन्यांत त्याने स्वतःहून खोडला.

भांडणाच्या स्वाध्यायाला मात्र पूर्ण गुण. दोघांचेही भले चिंतणारा तिऱ्हाईत माणूस हे भांडण कसे सांगेल, ते सात मिनिटांत लिहा, असे तो सांगतो. यामागे भक्कम आधार आहे: मानसशास्त्रज्ञ एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या १२० जोडप्यांच्या अभ्यासात निम्म्या जोडप्यांनी अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षात तीन वेळा, दर वेळी सात मिनिटे, असेच लिहिले, आणि काळानुसार होणारी वैवाहिक समाधानाची घसरण त्या गटात थांबलेली दिसली. आमची घसरण थांबली की नाही ते मला मोजता येत नाही, पण ‘ती बाई दमलेली होती आणि त्या माणसाला ते दिसत नव्हते’ हे वाक्य नवऱ्याच्या हातचे वाचणे आणि स्वतः ओरडून सांगणे यांत फार अंतर आहे. हा स्वाध्याय दर महिन्याला ठेवण्याची मात्र गरज नव्हती. दोनदा तर आम्हांला लिहिण्याजोगे भांडण आठवेना, आणि आठवता आठवता नवे सुरू झाले.

कागद पातळ आहे, शाई मागे उमटते, आणि आठव्या महिन्यात शिवण उसवून मधली पाने सुटली. कोणाला भेट द्यायचीच असेल तर दोन प्रती द्या, आणि चौकोनांची पाने आधीच फाडून टाकलीत तरी चालेल. आम्ही दुसऱ्या वर्षासाठी ती पुन्हा घेतलेली नाही. मोकळ्या पानांवरचे प्रश्न मी दोन साध्या वह्यांत उतरवून घेतले आहेत. त्याच्या वहीत नवव्या आठवड्याचा प्रश्न त्याने पहिल्या पानावर लिहायला लावला.