ऑटोकॅडच्या डायमेन्शन स्टाइल्स : पाचपैकी साडेतीन तारे

ऑटोकॅड म्हणजे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, आणि डायमेन्शन स्टाइल म्हणजे त्यात मापं कशी दिसावीत ते ठरवणारा साचा. दीड तारा का कापला ते पुढे येईलच. आधी कोण लिहितंय ते सांगते, कारण दोनशे माणसांच्या कंपनीतल्या कॅड मॅनेजरने हेच लिहिलं तर हिशोब वेगळा निघेल. मी दादर पश्चिमेला चार माणसांच्या एका इंटिरिअर ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी हुद्दा तोच, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर तसंच छापलंय. कामं बहुतेक जुन्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटची, मधूनच लोअर परळला एखादं ऑफिस. एका फ्लॅटची वीस-बावीस ड्रॉइंग होतात आणि प्रत्येकावर मापं. म्हणजे दिवसभरात मी भिंती कमी काढते आणि मापं जास्त टाकते.

माझी सुरुवात बोर्डावरची. ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं आणि अक्षरांची स्टेन्सिल. स्टेन्सिल २.५ ची घेतली की अक्षर २.५ मिलिमीटरचंच यायचं, हात कितीही थकलेला असो. साइझही ठरलेले : २.५, ३.५, ५, ७. प्रत्येक पुढचा आकडा मागच्याच्या साधारण १.४ पट, म्हणजे ए-फोरचा कागद ए-थ्री केला तरी अक्षर पुढच्या स्टेन्सिलमध्ये नेमकं बसतं. डायमेन्शन स्टाइल म्हणजे हीच स्टेन्सिल, फक्त तिच्यात अक्षराबरोबर बाण, रेघा, रेघेची भिंतीपासूनची फट, दशांश किती, फूट की मिलिमीटर हे सगळं एका नावाखाली ठेवलेलं असतं. नाव निवडा, माप टाका. उद्या सरांना अक्षर मोठं हवं झालं तर स्टाइलमध्ये एकदा बदला, फाइलमधली त्या नावाची सगळी मापं बदलतात.

‘डी’ दाबून एंटर मारलं की मॅनेजर उघडतो. सात टॅब. १९८२ पासूनचं सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे चाळीतल्या खोलीसारखं झालंय : आधी पोटमाळा, मग गॅलरी बंद करून स्वयंपाकघर. सगळं आहे, पण कुठे आहे ते राहणाऱ्यालाच माहीत.

नवीन मेट्रिक फाइल उघडली की आत ‘आयएसओ-२५’ नावाची स्टाइल आयती असते. त्यातला पंचवीस म्हणजे २.५ मिलिमीटरचं अक्षर. ती तशीच वापरू नका. एक तर तिच्यात दशांशाला स्वल्पविराम आहे, युरोपातल्यासारखा. महापालिकेच्या नकाशावर मीटरमध्ये मापं देताना ३.६० च्या जागी ३,६० छापून येतं आणि आपल्याकडे स्वल्पविराम दिसला की डोळा हजार वाचतो. प्रायमरी युनिट्समध्ये जाऊन टिंब करायचं, दोन सेकंदांचं काम. तिथेच खाली स्केल फॅक्टर ०.००१ टाकला की मिलिमीटरमध्ये काढलेल्या भिंतीचं माप आपोआप मीटरमध्ये पडतं. नकाशाला हात लावायचा नाही, फक्त दुसऱ्या स्टाइलने मापं टाकायची. दुसरं कारण जास्त गंभीर आहे, ते थोड्या वेळाने.

आता ज्या गोष्टीसाठी मी तारे दिलेत ती. आमच्या धंद्यात एकाच भिंतीचे दोन वाचक असतात. इलेक्ट्रिकल आणि एसीवाले मिलिमीटर वाचतात, सुतार आणि ग्रॅनाइटवाला फूट, इंच, सूत. आठ सूत म्हणजे एक इंच, आणि हे माप मुंबईच्या साइटवरून अजून तीस वर्षं तरी जाणार नाही. स्टाइलमध्ये अल्टरनेट युनिट्सचा टॅब चालू केला की मिलिमीटरच्या शेजारी कंसात फूट-इंच येतं. आर्किटेक्चरल निवडा, बारकाई एकअष्टमांश ठेवा, म्हणजे सूतापर्यंत. शून्य फूट आणि शून्य इंच दाबणारे टिक काढून टाका, सुताराला नुसतं ३' दिसलं की पुढचे इंच छापायचे राहिलेत की काय अशी शंका येते, ३'-०" दिसलं की तो विचारत नाही. अपूर्णांक एकावर एक रचू नका, एका ओळीत सरळ लिहू द्या. आमचं ड्रॉइंग शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन जातं आणि सुतारकाका ते फोनवर दोन बोटांनी ताणून बघतात. रचलेला एकअष्टमांश तिथे मुंगीएवढा होतो.

आणि गुणक नीट टाका. हे मी दाराच्या फ्रेमवर कोरून ठेवायला हवं. मिलिमीटरचे इंच करायचा गुणक ०.०३९३७०१ आहे. मी एकदा नवी स्टाइल बनवताना हाताने ०.०३९४ टाकला. चार घरं पुरे, असं वाटलं. माहीमच्या एका फ्लॅटमध्ये किचनचा ओटा टाइल ते टाइल २७०० होता. बरोबर गुणकाने २७०० म्हणजे १०६.२९९ इंच, म्हणजे कंसात ८'-१० १/४" यायला हवं होतं. माझ्या गुणकाने झाले १०६.३८ आणि कंसात छापलं ८'-१० ३/८". एका सूताचा फरक. ग्रॅनाइटवाल्याने कंसातलं वाचलं, तो तेच वाचणार. पाटा साइटवर आला तो भिंतीपेक्षा दोन मिलिमीटर लांब. झिरी न धरणं ही माझीच दुसरी चूक, पण पहिली झाली नसती तर दुसरी कदाचित खपून गेली असती. सुतारकाका बाजूला उभे राहून म्हणाले, “लाकूड असतं तर रंध्याने काढलं असतं ताई, हा दगड आहे.” मग राहत्या घरात ग्राइंडर चालला. आजींनी देवघरावर चादर टाकली आणि दिवसभर कुणी काही बोललं नाही. एकट्या मापात मी चुकले असते तर एक पाटा गेला असता. स्टाइलमध्ये चुकले म्हणून त्या फ्लॅटच्या बावीसही ड्रॉइंगच्या कंसांत गोंधळ होता. त्या रात्री गुणक दुरुस्त केला आणि सगळे कंस एका दमात बरोबर झाले. चूक पसरली तशीच दुरुस्तीही पसरली, हे मान्य करावं लागेल.

दुसरी आवडती गोष्ट फार कमी जण वापरतात. नवी स्टाइल करताना ‘कशासाठी’ असा एक खाना असतो, तिथे ‘सर्व मापं’ सोडून ‘रेडियस’ निवडायचं. म्हणजे एका नावाच्या पोटात मूल तयार होतं. आमच्याकडे सरळ मापांना तिरकी काट, आर्किटेक्ट लोकांची पद्धत. पण गोल टेबलाच्या त्रिज्येला काट विचित्र दिसते, तिथे भरीव बाण हवा. पोटस्टाइल केली की ड्राफ्ट्समनला काही आठवावं लागत नाही : भिंतीला माप टाकलं तर काट, गोलाला टाकलं तर बाण, नाव एकच. माझ्या मते अख्ख्या मॅनेजरमध्ये सगळ्यात शहाणी गोष्ट ही, आणि नेमकी तीच एका ड्रॉपडाउनच्या मागे लपवलीय.

एक खड्डा सांगते, बरेच जण त्यात पडतात. टेक्स्ट स्टाइलमध्ये, म्हणजे अक्षराचं वळण ठरवणाऱ्या वेगळ्या साच्यात, उंची शून्यच ठेवा. तिथे आकडा भरला की डायमेन्शन स्टाइलमधली उंची सॉफ्टवेअर बघतच नाही. एका नव्या मुलाने अर्धा दिवस डिमस्केल, म्हणजे बाण-अक्षरं सगळं एकदम मोठं करणारा आकडा, ५० चा १०० केला, १०० चा २०० केला, बाण फुगत गेले आणि अक्षर जागचं हललं नाही.

आता कापलेला दीड तारा.

अर्धा ओव्हरराइडसाठी. एखादं माप अरुंद जागेत बसत नाही, म्हणून ते निवडायचं, प्रॉपर्टीजमध्ये जायचं, अक्षर बारीक करायचं. झालं. दिसायला ते अजून त्याच स्टाइलचं आहे, नावही तेच दाखवतं, पण आता ते स्टाइलचं पूर्ण ऐकत नाही. उद्या स्टाइल बदलली की शंभर मापं बदलतात आणि ही सात तशीच राहतात, आणि कुठली सात ते सांगायला कुणी नाही. डिमओव्हरराइड टाकून क्लिअर केलं की सुधारतात, पण त्यासाठी आधी दिसायला हवीत ना. स्वतंत्र रंग, एखादी चांदणी, काही तरी खूण द्यायला काय हरकत होती? याहून वाईट म्हणजे मापाचा आकडाच हाताने टाइप करणं. दार ८७५ आलंय, क्लायंटला ९०० सांगितलंय, मग भिंत सरकवण्याऐवजी वर ९०० लिहून मोकळं. आमच्या ऑफिसात याला ‘खोटं माप’ म्हणतात आणि ते सापडलं तर चहा टाकणाऱ्याच्या खिशातून.

एक पूर्ण तारा नावांच्या नियमासाठी. दुसऱ्या फाइलमधून काही पेस्ट केलं आणि त्यातल्या स्टाइलचं नाव आपल्या फाइलमध्ये आधीच असलं, तर आपली व्याख्या राहते, पाहुण्याची जाते. नियम म्हणून ठीक आहे, घर आपलं आहे. पण सांगत नाही. एकदा बाहेरच्या एका कन्सल्टंटकडून डिटेल आलं. त्यांनी सेंटिमीटरमध्ये काढून स्केल फॅक्टर १० ठेवला होता, म्हणजे छापताना मिलिमीटर यावेत. स्टाइलचं नाव? ‘आयएसओ-२५’. आमच्या फाइलमध्येही ‘आयएसओ-२५’, फॅक्टर १. पेस्ट केलं आणि २३० ची भिंत २३ झाली. बरं तर बरं, २३ मिलिमीटरची विटेची भिंत कुणालाही खटकते. एखादं हँडलचं माप असतं तर खटकलं नसतं. म्हणून आयती नावं वापरायची नाहीत, हे ते राहिलेलं दुसरं कारण. आमच्या पाचही स्टाइल्सना आता पुढे ऑफिसची दोन अक्षरं आहेत आणि मागे वाचणारा कोण ते : सुतार, पालिका, प्लंबिंग, फर्निचर डिटेल, छत. स्केलचं नाव देत नाही, कारण मापं मी लेआउटमध्येच, म्हणजे छापायच्या पानावरच टाकते, तिथे २.५ म्हणजे कागदावर २.५, पन्नासने गुणायची भानगड नाही.

अ‍ॅनोटेटिव्ह या सोयीबद्दल विचाराल तर, २००८ च्या आवृत्तीपासून आहे, एकच माप वेगवेगळ्या स्केलच्या व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे पानावर नकाशा दाखवणाऱ्या खिडकीत, योग्य उंचीचं दिसावं म्हणून. चांगलं चालतं. पण मापाला ते स्केल जोडलेलं नसलं की त्या व्ह्यूपोर्टमध्ये ते दिसतच नाही, आणि न दिसणारं माप साइटवर कुणी शोधत नाही. आमच्या घोळक्याला झेपलं नाही.

स्टाइल एका फाइलमधून दुसरीत न्यायचे तीन रस्ते. कंट्रोल-दोन दाबून डिझाइन सेंटरमधून ओढून आणणं, रोजच्या वापराला हे पुरतं. दुसरा, एक्सप्रेस टूल्स या जादा कमांडच्या संचातलं डिमेक्स : निवडलेल्या स्टाइल्स एका छोट्या फाइलमध्ये लिहून देतं, समोरचा डिमिम मारून आत घेतो. बाहेरच्या फ्रीलान्सरला मी हीच फाइल पाठवते, अख्खं ड्रॉइंग पाठवायला नको. फक्त लिहिताना टेक्स्ट स्टाइलचं नुसतं नाव नाही तर पूर्ण माहिती जाऊ द्या. एलटी, म्हणजे ऑटोकॅडची स्वस्तातली आवृत्ती घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एक्सप्रेस टूल्स त्यात नसतात. पैसे वाचतात आणि हा रस्ता बंद होतो. तिसरा आणि खरा रस्ता म्हणजे टेम्प्लेट. पाचही स्टाइल्स भरलेली एक कोरी फाइल डीडब्ल्यूटी म्हणून सेव्ह करायची आणि ऑप्शन्समध्ये नव्या फाइलसाठी तीच नेमून द्यायची. हे मी चार मशीनवर केलं तेव्हा एका दुपारीत झालं, आणि आधीची अनेक वर्षं आम्ही जुनी फाइल सेव्ह-अ‍ॅज करून तिच्यातला जुना फ्लॅट पुसत बसायचो. कुणाकुणाची बाथरूम पुढच्या माणसाच्या घरात राहून जायची.

स्टँडर्ड्स तपासणारी डीडब्ल्यूएस फाइलही असते, ती जोडली की नियमाबाहेरची स्टाइल दाखवते. चार माणसांत ते काम मी ओरडून करते.

पाच नावांचा कागद प्रिंटरच्या वर चिकटवलाय. परवा मालाडच्या कामाची फाइल उघडली तर यादीत सहावं नाव : ‘फायनल-२’. तिघांना विचारलं, तिघं एकमेकांकडे बघतात. न वापरलेलं काढून टाकणारी पर्ज कमांड मारली, जात नाही. म्हणजे बहुधा बावीसपैकी कुठल्या तरी लेआउटमध्ये त्या स्टाइलचं एक तरी माप बसलंय. सतरा लेआउट बघून झालेत.