ग्रामसभेच्या टेबलावर डेबियन

गडचिरोलीच्या कोरची तालुक्यातल्या आमच्या ग्रामसभेचा लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती ह्यात नाही. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. धडधाकट मशीन भंगारात कशापायी टाकायचं? गावातल्या एका पोरानं पेनड्राइव्हवरून डेबियन १३ ही विंडोजच्या जागी चालणारी मुक्त, फुकट प्रणाली टाकून दिली, हलका एक्सएफसीई डेस्कटॉप घेऊन.

बांबूचं मस्टर, मजुरीचा हिशेब, ठराव, सगळं आता लिब्रेऑफिस ह्या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरवर होतं. इन्स्टॉल करतानाच मराठी निवडता येते, लोहित फॉन्टही मिळतो, आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं टायपिंग सुरळीत चालतं. अडचण जुन्या फायलींची. कृतिदेव ह्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले ठराव उघडले की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ते आम्ही युनिकोडमध्ये बदलून घेत आहोत, आणि काम किचकट आहे. डिजिटल सहीचा डोंगल मात्र चाललाच नाही, त्यासाठी अजून तालुक्याला जावं लागतं. ह्या दोन अडचणींचे पाचपैकी दोन गुण मी कापतो.

पण मला हे मनापासून आवडलं ते दुसऱ्याच कारणानं. डेबियनला मालक नाही. १९९३ मध्ये इयन मर्डॉकनं सुरू केलेलं हे काम जगभरचे स्वयंसेवक चालवतात. १९९७ पासून त्यांचा लेखी सामाजिक करार आहे. प्रमुख दरवर्षी मतदानानं निवडतात, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर सभासद ठराव करून तो फिरवू शकतात. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावात सर्वसहमतीनं ठरतं, इथं मतदानानं, एवढा फरक. पण ठरवणारे वापरणाऱ्यांतलेच.

आमचे डावे मित्र म्हणतात, हे आपलंच. त्यात तथ्य आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत २००० मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचं आंतरराष्ट्रीय संमेलन सुरू झालं आणि २००१ मध्ये त्याच शहरात जगभरच्या चळवळींचा पहिला जागतिक सामाजिक मंच भरला. तेव्हा तिथं डाव्या कामगार पक्षाची सत्ता होती. आपल्याकडे २००५ च्या पेटंट दुरुस्तीतून सॉफ्टवेअर पेटंटला वाट देणारी तरतूद वगळली गेली, त्यात डाव्या पक्षांच्या रेट्याचा वाटा होता.

तरी एका मित्राचा राग मला समजतो. ज्या खाणीविरुद्ध आम्ही ठराव घेतला, तिचं ऑफिसही हेच सॉफ्टवेअर फुकट वापरू शकतं. लायसन्स कोणाचाच झेंडा विचारत नाही, कोणत्याही कामासाठी वापरा म्हणतं. मला ते बरोबर वाटतं. वनहक्क कायद्याआधी जंगलातून बांबू आणणं ही आम्हाला सवलत होती, साहेबाच्या मर्जीवर. माणूस बघून मिळतं ते हक्कात मोजता येत नाही. माझी तक्रार उलट मित्रांवरच आहे: कंपनीराजविरोधी मोर्चाची आखणी, गावागावांतल्या लोकांची नावं-नंबर, सगळं कंपनीच्या ॲपवर आणि कंपनीच्या सर्व्हरवर.

पाचपैकी तीन गुण. पैसा लागत नाही, पण पहिले काही आठवडे शिकवणारं कुणीतरी गावात हवं. टाकण्याआधी मशीन ६४ बिटचं आहे का ते पाहा, कारण डेबियन १३ चा ३२ बिट इन्स्टॉलर निघत नाही. आणि सगळ्या फायलींची एक प्रत आधी बाहेर काढून ठेवा.